ऋणनिर्देश

उकाइसरांचं अक्षर फक्त मला लागायचं.
सेंदाईच्या थंडीत, तिसऱ्या मजल्यावर,
रॉकेलच्या स्टोव्हवर किटली ठेवून
मी त्यांची समीकरणं कार्डांवर टोचत बसे.
एका ओळीला एक कार्ड,
एका कार्डाला ऐंशी रकाने,
आणि भोकांचा तो कागदी भुगा
केसांत, बाह्यांत,
रात्री घरी भात वाढताना ताटातसुद्धा.

त्यांचा विषय म्हणाल तर पाणी.
नदीचं नव्हे, नळाचं नव्हे.
एक रेणू चौघा शेजाऱ्यांचे हात धरून उभा असतो
आणि मग एकाचा सोडतो,
ते पाणी.
किती वेळाने सोडतो?
एवढंच हवं होतं त्यांना.
एवढ्यासाठी अकरा वर्षं.

नवी होते तेव्हा मी विचारलं होतं,
पण सोडतो कशाला?
हसले नाहीत. खडू खाली ठेवला.
म्हणाले, तोयोसान,
घोडं तिथंच पेंड खातंय.

संगणक नदीपलीकडे,
आपली पाळी गुरुवारी, रात्री एकला.
कार्डांच्या पेट्या सायकलला बांधून सर स्वतः न्यायचे.
एकदा पुलावर बर्फात चाक घसरलं,
दोन हजार कार्डं विखुरली.
उजाडेपर्यंत आम्ही ती क्रमाने लावली.
हातमोजे घालून कार्ड सुटं होत नाही,
बोटं कुणाची कळेनाशी झाली होती.
पहाटे त्यांनी डबा उघडून
भातावरचं एकुलतं खारवलेलं आलुबुखार मला दिलं.
त्यांना माफी मागता येत नसे.

एकाहत्तरच्या मार्चमध्ये
पाणी शेजाऱ्यांना सोडेचना.
आकडे फुगत गेले, कागदाबाहेर गेले.
ओइकावा, सगळ्यांत हुशार विद्यार्थी,
जिन्यात हळूच म्हणाला, सिद्धांतच खोटा आहे.
हळू म्हणाला, पण जिना घुमतो.
सर दोन आठवडे खिडकीकडे तोंड करून बसले.

मला गणित येत नाही. आजही नाही.
पण एक सवय ठाऊक होती त्यांच्या हाताची:
घाईत असले की ऋणचिन्ह इतकं आखूड काढत
की ते वहीच्या रेघेत बुडून जाई.
मी वही काढली. दिव्यासमोर तिरपी धरली.
चारशे बाराव्या कार्डावर ते नव्हतं.
लिहिताना राहिलं की टोचताना,
त्यांचं की माझं,
ते कुणी ठरवलं नाही.
मी एक भोक जास्त पाडलं.
गुरुवारी पाणी वाहू लागलं.

शोधनिबंध निघाला तेव्हा शेवटच्या पानावर, बारीक टाइपात:
कार्डांच्या कामासाठी कु. सुगानो तोयो यांचे आभार.
त्या एका भोकाबद्दल अवाक्षर नाही.
मीही काढलं नाही.

मग पदकं झाली, परदेशवाऱ्या झाल्या,
त्र्याऐंशीत यंत्र भंगारात गेलं
आणि मी ग्रंथालयात, पावत्या फाडायला.
जिन्यात भेटलो की ते वाकत, मी वाकत असे.
बस्स.

त्रेसष्टाव्या वर्षी निरोपाचं व्याख्यान.
सभागृह गच्च, मी मागच्या रांगेत, कोट मांडीवर.
त्यांनी ते समीकरण फळ्यावर लिहायला घेतलं
आणि तिसऱ्या पदाशी थांबले.
वळले. चष्मा वर केला. मागची रांग चाळली.
मग काढलं ऋणचिन्ह,
चांगलं हातभर लांब,
खडू मोडेपर्यंत.
प्राध्यापक ओइकावा शेजारच्याला म्हणाले,
वय झालं, हात थरथरतो.

आता गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.
पण पुढं कुठल्याशा प्रयोगशाळेत
प्रकाशाच्या फटकाऱ्यांनी तो वेळ खरोखर मोजला,
आणि सरांचा आकडा दीडपट निघाला.
महिन्याने पोस्टकार्ड आलं,
अक्षर नेहमीचंच, दुसऱ्या कुणाला लागलं नसतं:
पाणी माझ्या समजुतीपेक्षा घाईत आहे.
तुमची कार्डं मात्र बरोबर होती.

मी त्याला वरच्या कोपऱ्यात एक भोक पाडलं
आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं.